घामातले मीठ आणि देशाचे दफ्तर

सिस्टिक फायब्रोसिस हा गोऱ्या लोकांचा रोग होय, ही समजूत आपल्या वैद्यकीय वर्तुळात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही इतकी रुजलेली होती की, वर्षानुवर्षे खोकणारे, पोटभर जेवूनही वाळत जाणारे आणि तेलकट, दुर्गंधीयुक्त शौचाने आईबापांना हैराण करणारे मूल समोर आले, तरी या रोगाचे नाव जाणत्या डॉक्टरच्याही मनाला सहसा शिवत नसे. १९६८ च्या सुमारास अशा रुग्णांची वृत्ते भारतीय वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध होऊ लागली; परंतु ती अपवाद म्हणून वाचली गेली आणि अपवाद म्हणूनच विस्मरणात गेली. त्यास आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. एवढ्या अवधीत या रोगाचे निदान व उपचार आपल्या देशात कोठवर येऊन पोहोचले आहेत, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू असून, माझे मत आरंभीच नमूद करून ठेवतो: या रोगाची आपल्याकडील दुर्मिळता काही अंशी निसर्गाने निर्माण केलेली आहे, आणि उरलेली दफ्तराने.

प्रथम रोगाचे स्वरूप. सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकाच्या आज्ञेवरून आपल्या पेशींच्या आवरणात एक प्रथिन बसविले जाते, आणि क्लोराइडचे कण आत-बाहेर जाण्याची वाट त्या प्रथिनातून असते. ही वाट बंद राहिली म्हणजे शरीरातील निरनिराळे स्राव आपले पाणी गमावून घट्ट व चिकट होतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, पाचकरस आतड्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि अन्नातील स्निग्धांश न पचताच बाहेर पडतो. फुप्फुसांत श्लेष्मा साचतो, साचलेल्या श्लेष्म्यात जंतू ठाण मांडतात, आणि जंतूंशी शरीराने मांडलेल्या दीर्घ झगड्यात श्वासनलिकांच्याच भिंती सैल होऊन फाकतात. मृत्यू बहुधा या फुप्फुसांच्या वाटेनेच येतो. घामाच्या ग्रंथींत मात्र याच बिघाडाचा परिणाम उलट दिसतो: वर येणाऱ्या घामातून मीठ परत शोषून घेण्याचे काम थांबते आणि घाम विलक्षण खारट होतो. रोग प्रकट होण्यास आईकडून आणि बापाकडून अशा दोन्ही प्रती सदोष यावयास पाहिजेत. ज्याच्याकडे एकच सदोष प्रत आहे तो आयुष्यभर धडधाकट राहतो, आणि असे दोन वाहक विवाहबद्ध झाले असता त्यांच्या प्रत्येक अपत्यास रोगाची शक्यता चारांत एक असते. आते-मामे भावंडांचे विवाह ज्या समाजांत रूढ आहेत, आणि आपल्या दक्षिण महाराष्ट्रात ते अद्याप सर्वस्वी थांबलेले नाहीत, तेथे अशा गाठी पडण्याचा संभव अर्थातच वाढतो.

न्यूयॉर्कच्या बालरुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डोरोथी अँडरसन यांनी १९३८ साली ४९ रुग्णांच्या अभ्यासावरून या रोगास स्वतंत्र अस्तित्व दिले. तोपर्यंत ही मुले पचनाच्या दुसऱ्याच एका विकाराच्या नावावर दगावत होती. पुढे १९४८ च्या उन्हाळ्यात त्या शहरात उष्णतेची लाट आली असता, ग्लानी येऊन दाखल झालेल्या मुलांत याच रोगाची मुले फार आढळली, आणि तो धागा धरून पॉल दी सांत'आन्येसे यांनी १९५३ साली घामातील मिठाचे आधिक्य सिद्ध केले. १९५९ साली गिब्सन आणि कुक या दोघांनी थोड्याशा कातडीवर औषधाने घाम आणवून तो मोजण्याची रीत बसविली. घर्मग्रंथीच्या नलिकेतून क्लोराइड परत जातच नाही, हे १९८३ साली दाखविणारे पॉल क्विंटन हे शास्त्रज्ञ स्वतःच या रोगाचे रुग्ण होते. शेवटी १९८९ साली लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स व जॉन रिओर्डन यांच्या चमूंनी ते जनुकच हुडकून काढले. रोगाची किल्ली उन्हाळ्याने हाती दिली, आणि ज्या देशात उन्हाळा वर्षातून कित्येक महिने मुक्काम ठोकून असतो त्या देशाला मात्र ती दीर्घकाळ सापडली नाही, ही गोष्ट मला नेहमी नवलाची वाटत आली आहे.

भारतीयांत हा रोग आहे याचा बोलका पुरावा प्रथम परदेशातून आला. ब्रिटन, अमेरिका या देशांत स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांत तो आढळू लागला, आणि तेथील नोंदींवरून त्याचे प्रमाण दहा हजारांत एक येथपासून चाळीस हजारांत एक येथपर्यंत असावे, असे निरनिराळे अंदाज बांधले गेले. रक्त तेच, आहारविहारही पुष्कळसा तोच. बदलला होता तो फक्त तपासणारा डॉक्टर. स्वदेशात या प्रश्नाला हात घातला तो मुख्यतः दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने. तेथील संशोधकांनी ९५५ नवजात अर्भकांच्या नाळेतील रक्त तपासून २००६ साली असे प्रसिद्ध केले की, या रोगास कारण होणारा सर्वांत परिचित जनुकीय बदल, ज्यास 'एफ ५०८ डेल' म्हणतात, तो चार अर्भकांत एकेका प्रतीवर आढळला. म्हणजे दर २३८ जणांमागे एक वाहक. त्यावरून ४३,३२१ जन्मांत एक ते १,००,३२३ जन्मांत एक असे रोगाचे प्रमाण काढण्यात आले. हे आकडे आता जेथे तेथे उद्धृत होतात. परंतु त्यांच्या मुळाशी चार अर्भके आहेत, आणि अन्य जनुकीय बदलांचा वाटा अनुमानाने धरलेला आहे, याची आठवण उद्धृत करणाऱ्यांपैकी फार थोडे ठेवतात. आपल्या देशात वर्षाकाठी सुमारे दोन कोटी तीस लाख बालके जन्मतात, असे धरून हिशेब मांडला, तर या अंदाजाने दर वर्षी सव्वादोनशे ते सव्वापाचशे मुले या रोगासह जन्मास यावीत, आणि दहा हजारांत एक हे प्रमाण खरे मानले तर दोन हजारांवर. दोन टोकांत दसपटीचे अंतर! ज्या प्रश्नाचा आकार एवढा अनिश्चित, त्यासाठी कोणते खाते कोणती तरतूद करणार?

मग ही मुले जातात कोठे? त्यांच्या प्रवासाचा मार्ग आपल्याकडे जवळजवळ ठरलेला आहे. पहिल्या काही महिन्यांत खोकला धरतो, तेव्हा बाळदमा म्हणून औषध सुरू होते. वजन वाढत नाही, शौचास वारंवार होते, तेव्हा जंत, आमांश, क्वचित संग्रहणी अशी नावे पुढे येतात. अंगावर सूज आली वा हातपाय काडीसारखे झाले, की कुपोषण या सदरात नोंद होते, आणि घरात अन्नाची ददात नाही असे आई सांगत असली तरी त्या सांगण्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. अखेर छातीच्या चित्रात डाग दिसतो आणि 'प्रायमरी कॉम्प्लेक्स' ठरून क्षयाची औषधे सुरू होतात. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा ज्या देशात आहे, तेथे खोकणाऱ्या व झिजणाऱ्या मुलाबद्दल डॉक्टरच्या मनात क्षयाची शंका प्रथम यावी यात त्याचा दोष मी मानीत नाही; दोष आहे तो पुढच्या पायरीचा. सहा महिन्यांच्या औषधाने गुण आला नाही, थुंकीत वा जठरातून काढलेल्या द्रवात क्षयजंतू एकदाही सापडले नाहीत, तरी तोच उपचार दुसऱ्यांदा सुरू करावयाचा, ही प्रथा चुकीची आहे. त्या दुसऱ्या खेपेच्या आधी घामाची चाचणी झालीच पाहिजे, एवढा एक शिरस्ता जिल्हा रुग्णालयांतून पडला, तरी कित्येक मुलांची दोन-तीन वर्षे वाचतील. आणि या रोगात बाल्यातील दोन-तीन वर्षे म्हणजे फुप्फुसाचा जो भाग पुन्हा कधीच मिळावयाचा नाही तो भाग होय.

उष्ण देशाचे म्हणून या रोगाचे एक खास रूप आहे, आणि ते पाश्चात्त्य ग्रंथांत सहसा तळटिपेइतकीच जागा व्यापते. वैशाख-ज्येष्ठाच्या तलखीत तान्हे मूल घामावाटे मीठ गमावीत राहते. अंगावरच्या दुधातून ते पुरेसे भरून निघत नाही. मग मूल मलूल होते, ओकू लागते, आणि रक्त तपासले असता सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड ही तिन्ही घसरलेली आणि रक्ताचा अल्कधर्म वाढलेला आढळतो. जुलाबाने कोरडे पडलेल्या मुलात सामान्यतः याच्या उलट, रक्ताची आम्लता वाढलेली सापडते. एवढा एक विरोधाभास ध्यानात ठेवणारा निवासी डॉक्टर रात्रपाळीवर असेल, तर खोकला सुरू होण्यापूर्वीच निदान हाती येऊ शकते. मुलाचा मुका घेतला की ओठांना खारट लागते, असे काही माता आपण होऊन सांगतात; ही तक्रार ऐकून हसू नये, एवढेच सांगणे आहे.

घामाच्या चाचणीविषयी जरा विस्ताराने लिहावयास पाहिजे, कारण संपूर्ण प्रश्नाची नाडी येथेच आहे. हाताच्या पुढच्या भागावर पायलोकार्पिन या औषधाची पट्टी ठेवून तीतून सुमारे पाच मिनिटे मंद वीजप्रवाह सोडतात, औषध कातडीत उतरते, मग ती जागा स्वच्छ करून तेथे आधी वजन केलेला गाळणकागद वा जाळीचे कापड झाकून बसवितात आणि अर्धा तास थांबतात. निदान ७५ मिलिग्रॅम घाम जमला तरच पुढील मोजणीस अर्थ असतो. लिटरमागे क्लोराइड ६० मिलिमोल वा अधिक भरले तर रोग बहुधा निश्चित, ३० पेक्षा कमी असेल तर तो संभवनीय नाही, आणि मधल्या पट्ट्यात पुन्हा तपासणी व जनुकाची परीक्षा. यात महागडे असे काहीच नाही. नाजूक मात्र सर्व काही आहे. कागद उघडा राहून घामातले पाणी उडाले की आकडा फुगतो, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते क्षणार्धात उडते. अंगावर सूज असलेल्या मुलात आकडा खोटा कमी येऊ शकतो, तर तीव्र कुपोषणात खोटा अधिक. परदेशी यंत्र व त्याची दर वेळी लागणारी सामग्री परवडत नाही म्हणून दिल्लीच्या संस्थेने देशी बनावटीच्या साधनाने ही चाचणी बसविली आणि २००२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माझ्या दृष्टीने आपल्या देशातील या विषयावरचे हे सर्वांत मोलाचे काम होय, जरी त्याचा गाजावाजा जनुकशास्त्राइतका झाला नाही. अवघड आहे ते यंत्र नव्हे, तर आठवड्याला एखाददुसरीच चाचणी करणाऱ्या तंत्रज्ञाचा हात बसता ठेवणे. यास्तव प्रत्येक तालुक्यात ही सोय करण्याचा अट्टहास व्यर्थ आहे. प्रत्येक विभागातील एका वैद्यकीय महाविद्यालयात ती असावी, तेथील तंत्रज्ञाची बदली वारंवार होऊ नये, आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून मूल पाठविण्याचा कागद एका पानाचा असावा.

जनुकपरीक्षेत आपला प्रश्न युरोपहून वेगळा आहे. युरोपीय वंशाच्या रुग्णांत 'एफ ५०८ डेल' हा बदल सदोष प्रतींपैकी सुमारे ७० टक्के प्रतींवर आढळतो. भारतीय रुग्णमालिकांत हे प्रमाण १९ ते ४४ टक्क्यांच्या दरम्यान राहिले आहे. या जनुकातील २,००० हून अधिक बदल आजवर नोंदले गेले असून, परदेशी लोकसंख्येला डोळ्यांपुढे ठेवून निवडलेल्या काही ठराविक बदलांचीच परीक्षा करणारा संच येथे वापरला, तर खऱ्या रुग्णालाही 'दोष आढळला नाही' असा दाखला मिळू शकतो. संपूर्ण जनुक वाचण्याची सोय आता खासगी प्रयोगशाळांतून मिळते, आणि तिचा खर्चही पूर्वीपेक्षा खाली आला आहे. तथापि घामाची चाचणी न करताच थेट जनुकपरीक्षेस धाडण्याची जी घाई शहरांतून दिसते, तिला माझी संमती नाही. कारण अर्थ न लागणारा एखादा बदल अहवालात उमटला की कुटुंब वर्षभर टांगणीला लागते.

निदान झाल्यावर घरात काय सुरू होते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला येणे कठीण. प्रत्येक जेवणाबरोबर पाचक एन्झाइमच्या कॅप्सुला. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, त्यामुळे काही कुटुंबांत डॉक्टरला औषधाबरोबर समजूतही द्यावी लागते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे वेगळी. अन्न मात्र नेहमीच्या रोग्याच्या पथ्याच्या अगदी उलट: तूप, शेंगदाणे, साय, अंडी, आणि ताकात, वरणात जास्तीचे मीठ. सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझरमधून तीव्र मिठाच्या पाण्याचा वाफारा, त्यानंतर छाती थापटून वा श्वासाचे व्यायाम करवून बेडका सोडविणे, त्यानंतर ते उपकरण उकळून वाळविणे. आणि हे परीक्षेच्या दिवशी, लग्नघरात, एस.टी.च्या प्रवासातही चुकवावयाचे नाही. हा सर्व भार बहुधा आईवर पडतो आणि तिची नोकरी असली तर प्रथम ती जाते. मिठाच्या पाण्याचा वाफारा ही स्वस्त वस्तू असून, तिच्यामुळे रोगाचे उठाव कमी होतात असे २००६ साली ऑस्ट्रेलियातील प्रयोगाने दाखविले. श्लेष्मा पातळ करणारे डॉर्नेज हे औषध अमेरिकेत १९९३ पासून उपलब्ध असले तरी नित्य वापरण्याइतके ते आपल्या मध्यमवर्गासही झेपत नाही.

जंतूंपैकी स्यूडोमोनास हा मुख्य वैरी. तो फुप्फुसात पहिल्यांदा शिरतो तेव्हाच त्याला हुसकून लावता आले तर येते. एकदा तळ ठोकला की सहसा जात नाही. आपल्याकडे निदानच उशिरा होत असल्यामुळे पहिल्या भेटीतच तो बेडक्यात सापडावा, असे पुष्कळदा घडते. दर तीन महिन्यांनी बेडक्याची वा घशातील स्रावाची जंतुपरीक्षा आणि या रोगाच्या दोन रुग्णांना एकमेकांपासून निदान दोन मीटर दूर ठेवणे, हे दोन नियम जगन्मान्य आहेत. सरकारी इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागातील बाकावर दोन मीटरचे अंतर राखावयाचे म्हणजे काय, हे ज्याने ती गर्दी पाहिली आहे त्याला सांगावयास नको. त्यावर खरा उपाय म्हणजे रुग्णांना निरनिराळ्या वारी बोलाविणे, आणि त्यास एका नोंदवहीपलीकडे काही खर्च नाही.

२०१२ साली आयव्हाकाफ्टर आणि २०१९ साली तीन औषधांचे एकत्र मिश्रण अमेरिकेत मान्य झाले, आणि या रोगाच्या इतिहासास वेगळे वळण लागले. कारण ही औषधे लक्षणांवर नव्हे, तर त्या बिघडलेल्या प्रथिनावरच काम करतात. फुप्फुस-प्रत्यारोपणाच्या यादीत असलेली माणसे त्या यादीतून बाहेर पडली. या संशोधनाला आरंभीचे द्रव्यबळ रुग्णांच्या पालकांनी १९५५ साली स्थापन केलेल्या अमेरिकन प्रतिष्ठानाने पुरविले होते, आणि २०१४ साली त्या प्रतिष्ठानाने आपला स्वामित्वशुल्काचा हक्क ३३० कोटी डॉलरांना विकला. तीन औषधांच्या मिश्रणाची तेथील घोषित किंमत वर्षाला सुमारे ३ लाख ११ हजार डॉलर होती, म्हणजे आपले अडीच कोटी रुपये. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ रोगविषयक राष्ट्रीय धोरणात या रोगाचा समावेश तिसऱ्या गटात, म्हणजे उपचार आहे पण तो अतिमहाग व आजन्म आहे अशा रोगांत, केलेला आहे; आणि २०२२ पासून नियुक्त उत्कृष्टता केंद्रांमार्फत, ज्यांत आपल्या मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय आरंभापासून आहे, प्रत्येक रुग्णास पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची तजवीज आहे. घोषित किमतीने ही रक्कम अडीच महिनेही पुरत नाही. अर्जेंटिनात याच औषधाची स्थानिक आवृत्ती पुष्कळ कमी किमतीत तयार होते; जगाला स्वस्त औषधे पुरविणाऱ्या भारताने एकस्वाच्या कायद्यातील सार्वजनिक हिताच्या तरतुदींचा आधार याबाबतीत घ्यावा, ही पालकांची मागणी मला रास्त वाटते. मात्र तिच्यामागे धावताना एक गोष्ट विसरता कामा नये: हे मिश्रण मुख्यतः 'एफ ५०८ डेल' ची निदान एक प्रत असलेल्यांसाठी घडविलेले आहे, आणि ते उद्या फुकट मिळू लागले तरी आपल्या रुग्णांतील मोठ्या हिश्शाला त्याचा लाभ होईलच असे नाही. तो हिस्सा नेमका केवढा, हे सांगावयास रुग्णांची एकत्र नोंद लागते.

आणि येथे आपण पुन्हा दफ्तराकडे येतो. अमेरिकेत १९५७ साली क्लीव्हलंडच्या लिरॉय मॅथ्यूज यांनी रोग बळावण्याची वाट न पाहता सर्व उपाय एकदम आरंभावयाचे, ही पद्धती सुरू केली. तिच्यामुळे खरोखर आयुष्य वाढते काय, या वादाचा निकाल वॉरन वॉरविक यांनी १९६४ साली देशातील केंद्रांचे मृत्यूचे आकडे एकत्र करून लावला, आणि १९६६ पासून तेथे राष्ट्रीय नोंदवही अव्याहत चालू आहे. ज्या केंद्रात मुले अधिक जगतात तेथे काय वेगळे करतात, हे दुसऱ्या केंद्राला त्या वहीवरून कळे. केवळ नव्या औषधांनी नव्हे, तर या तुलनेनेही आयुर्मान वाढत गेले. आपल्याकडे क्षयरोग्याची सूचना सरकारला देणे २०१२ पासून बंधनकारक आहे व 'निक्षय' या सरकारी नोंदप्रणालीत त्याची नोंद होते. दुर्मिळ रोगांसाठीही रुग्णालयाधारित राष्ट्रीय नोंदवहीची शिफारस धोरणात आहे, परंतु दिल्ली, चंडीगढ, वेल्लोर, मुंबई येथील केंद्रांत जमलेला अनुभव एकमेकांशी ताडून पाहता येईल असा एकच तक्ता रोजच्या वापरात उतरला तर तिला अर्थ येईल. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांस स्थान मिळाले. सिस्टिक फायब्रोसिसला मिळाले नाही, आणि ज्या रोगाचे आकडे नाहीत त्याची वकिली कोणी कशाच्या बळावर करावी?

नवजात अर्भकांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन ट्रिप्सिनोजेन मोजण्याची रीत १९७९ साली न्यूझीलंडमध्ये निघाली आणि अनेक प्रगत देशांत ती आता नित्याची आहे. गोव्याने २००८ साली चयापचयाच्या जन्मजात विकारांसाठी सरकारी पातळीवर नवजात-तपासणी आरंभून तिची व्यवहार्यता दाखविली होती. परंतु या रोगापुरते बोलावयाचे तर, पुढची घामाची चाचणी जेथे होऊ शकत नाही तेथे सरसकट तपासणी सुरू करणे म्हणजे पालकांच्या हाती केवळ संशय देणे होय, म्हणून तिची घाई नको. ज्या घरात एक मूल रुग्ण आहे तेथील पुढच्या गर्भारपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा अंश तपासता येतो. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याने जनुकीय रोगांच्या अशा परीक्षेस स्पष्ट मुभा ठेवलेली आहे, तरी त्या कायद्याच्या धाकाने लहान गावातील डॉक्टर ही वाट पालकांना सांगावयासही कचरतात, असे दिसते.

आता एक नवी अडचण उभी राहत आहे, आणि ती यशातून निर्माण झालेली आहे. बालरोग विभागात वाढलेली ही मुले अठरा वर्षांची होतात आणि त्यांना त्या विभागाचा दरवाजा बंद होतो. प्रौढांच्या छातीविकार विभागात ज्याने या रोगाचा एकही रुग्ण पाहिलेला नाही असा तज्ज्ञ त्यांना भेटतो, आणि कागदपत्रांची पिशवी त्याच्यापुढे मोकळी करून रोगीच आपल्या डॉक्टरला रोग समजावून सांगू लागतो. अमेरिकेत आज या रोगाच्या रुग्णांत प्रौढांची संख्या निम्म्याहून अधिक आहे. आपल्याकडेही प्रौढ रुग्ण आहेत, परंतु ते वेगळ्या दारांनी येतात: कोणी तिशीत फाकलेल्या श्वासनलिका घेऊन, कोणी स्वादुपिंडाच्या वारंवार येणाऱ्या दाहाने, आणि कित्येक पुरुष वंध्यत्वाच्या चिकित्सालयात, जेथे शुक्रवाहिनी जन्मतःच नाही असे निष्पन्न होते. त्या चिकित्सालयात अपत्यासाठी पुढची शस्त्रक्रिया ठरते, शुल्क भरले जाते. पत्नी वाहक आहे काय, हे आधी तपासून घ्या असे सांगणारा कोणी तेथे नसला, तर रोगाची दुसरी प्रत कोठून येऊ शकते याचा विचार न होताच गर्भ रुजविला जातो. प्रौढांच्या छातीविकार विभागांना, वंध्यत्व-चिकित्सकांना आणि बालरोगतज्ज्ञांना एकाच केंद्राच्या यादीत आणण्याचे काम अजून व्हावयाचे आहे. आणि ते करावयास कोणत्याही कंपनीच्या परवान्याची गरज नाही.